अर्धी बशी चहा

तुमचे आजोबा पक्षाघातानंतर दोनदा इस्पितळात राहिले, हे तुम्हां दोघांना ठाऊक आहे. दुसऱ्यांदा का जावं लागलं, ते मी तुमच्या आईलाही नीट सांगितलेलं नाही.

आम्ही तेव्हा पुलगावला राहत होतो. त्यांची उजवी बाजू गेली आणि वर्ध्याला व्यायामाच्या वॉर्डात ते सात आठवडे होते. तिथे दोन लोखंडी दांड्या होत्या, त्या धरून मधून चालायचं. शेवटच्या आठवड्यात ते अकरा पावलं टाकू लागले. बोलणं आलं नव्हतं. घरी सोडताना सिस्टरांनी मला बजावलं, घशाची एक बाजू लुळी आहे, पातळ काही द्याल तर ते छातीत उतरेल. घट्ट पेज, चमच्याने, ताठ बसवून. मी एक वही सुरू केली: वेळ, काय दिलं, किती दिलं. डॉक्टरांना दाखवायची म्हणून इंग्रजीत. वेळापत्रक भिंतीवर लावलं.

नवव्या दिवशी दुपारी रोहण्याहून आजोबांचे धाकटे चुलतभाऊ आले. खाटेजवळ बसले, भिंतीकडे पाहिलं.

“काऊन दादा, वैनीनं घरातच शाळा उघडली का? हजेरी घेते का तुमची?”

आजोबा अर्ध्या तोंडाने हसले. मी भाऊजींसाठी चहा आणला. एकच कप. त्यांनी तो उचलला नाही.

“दादाचा कुठी हाय?”

“त्यांना चालत नाही, भाऊजी.”

“मंग मले बी नको. त्याच्याच घरी त्याच्यासमोर एकटा पिऊ का? अर्धी बशी द्या न. चहाच हाय, जहर थोडंच हाय.”

आमच्याकडे घरधन्याच्या हाती कप आल्याशिवाय पाहुणा आपला कप उचलत नसे. घसा, छाती, सगळं समजावून सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. चहावर साय धरत होती. आजोबांनी डावा हात पुढे केला. मी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बशी त्यांच्या ओठांना लावली. ते प्यायले. खोकलाही आला नाही. मग भाऊजींनी कप उचलला. ते गेल्यावर मी वहीत लिहिलं: चार वाजता, चहा, अर्धी बशी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप चढला, श्वासात घरघर आली. सकाळच्या पॅसेंजरने पुन्हा वर्धा. डॉक्टरांनी वही चाळली. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“चहा कोणी दिला?”

“घरी पाहुणे आले होते,” मी म्हणाले.

वाक्य खरं होतं. खबर ऐकून आलेले भाऊजी वॉर्डाच्या दाराशी उभे होते, हातात संत्र्यांची पिशवी. त्यांनी पिशवी स्टुलावर ठेवली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. मी संत्री काढून खाटेजवळच्या कपाटात लावली, मोठी मागे, लहान पुढे.

न्यूमोनिया बरा झाला, त्याला पाच आठवडे लागले. पण दांड्यांमध्ये पुन्हा उभं केलं तेव्हा त्यांचे पाय खाली दुमडले. एकही पाऊल पडलं नाही. त्यानंतर चार वर्षं ते घरी खाटेवरच होते.

भाऊजी दर पंधरवड्याला येत. आजोबांची दाढी करून देत, कपाशीचं, बैलांचं सांगत बसत. मी चहाचं विचारलं की म्हणत, “नको वैनी, सोडला म्या. पानी द्या.” मी पाणी आणून देत असे. बशी मी धरली होती, एवढंच म्हणायचं होतं. ते दाढीचं सामान धुऊन ठेवेपर्यंत मी तिथेच उभी असे.

आजोबांच्या तेराव्याला सगळ्यांसाठी चहा झाला. मी ट्रे घेऊन भाऊजींपुढे थांबले. त्यांनी मान हलवली. मी ट्रे पुढच्या माणसाकडे नेला.