मांडीवरची वाकडी नळी

गडचिरोलीच्या कॉलेजातून उसनी आणलेली काचेची वाकडी नळी मांडीवर घेऊन मी चंद्रपूरच्या एसटीत बसलो होतो. शेजारच्या म्हातारीनं ती बारकाईनं न्याहाळली, कंडक्टर पुढं सरकेपर्यंत दम धरला आणि हळूच विचारलं, "मोहाच्या दारूची भट्टी लावतं का, बाबू?"

मी तेव्हा पीएच.डी. करत होतो, कुणी विचारायचा अवकाश, की व्याख्यान सुरू. "नाही बाई, चांदीचं एक रसायन आहे. ते तापवून त्याची वाफ करायची. ती काचेवर बसली की चांदीचा पातळ थर येतो."

"चांदीची वाफ?" तिनं गळ्यातली चांदीची सरी लगेच पदराखाली ढकलली आणि वर हात ठेवला. तो पुढं बराच वेळ हलला नाही.

मग तिलाच राहवेना. "होते का?"

"नाही ना! उडायच्या आधीच बुडाशी जळून काळं पडतं."

बोळक्या तोंडानं ती खदखदून हसली. "घाई करून राह्यला तू. माह्या सुनेचंबी असंच. आग बारीक ठेव, वाफेले तिच्या मनानं येऊ दे."

पुढच्या आठवड्यात मी आच कमी केली आणि काचेत मला माझं तोंड दिसलं. गाइडनं विचारलं, "हे कुठं वाचलंस?"

खरं सांगायची सोय नव्हती. व्याहाडला उतरताना म्हातारीनं बजावलं होतं, "पोलीस आले, तं मी तुले काई सांगतलं नाई."