प्रयागबाईचा कोपरा

प्रयागबाई बावणे तलावाच्या पाळीवर उभी राहिली की पोरं आपोआप चूप होतात. शाळेच्या एका मॅडमनं एकदा तिला विचारलंच, "आम्ही घसा फोडून ओरडतो तरी ऐकत नाहीत, तुम्ही करता तरी काय?" प्रयागबाई म्हणाली, "काईच नाई. मी पाण्याकडे पाहत राहते. मंग तेही पाहतात."

कोराडीच्या पुढं, आतल्या रस्त्याला, कवडापूर हे ढिवरांचं, मासेमारांचं गाव. पाळीवरून एका अंगाला वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, दुसऱ्या अंगाला तुरी-कपाशीची वावरं. मध्ये तलाव. या तलावातला मासा डोक्यावरच्या टोपलीत घालून प्रयागबाईनं बत्तीस वर्षं कोराडीच्या बाजारात विकला. शाळा चौथीपर्यंत. आज मात्र नागपूरच्या शाळांच्या बसेस तिला ऐकायला येतात. ती जे सांगते ते आपल्याच भाषेत सांगते, आणि शहरातली पोरं घरी जाऊन आयांना "मले भूक लागली" म्हणतात, अशी तक्रारही आलेली आहे.

पाच वर्षांपूर्वी 'जलांगण' या नागपूरच्या छोट्याशा संस्थेची नंदिनी गावात पहिल्यांदा आली. वनस्पतिशास्त्र शिकलेली, स्कूटीवर यायची, बगलेत जाडजूड वही. तलावात मासे कोणकोणते, हे तिला लिहून घ्यायचं होतं. पुरुषांनी चौदा नावं सांगितली. प्रयागबाईनं घमेल्यातले मासे कापता कापता सव्वीस सांगितली, वर कोणाच्या पोटात कोणत्या महिन्यात अंडी असतात तेही.

"काकू, तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"माणसाईले मासा जाळ्यात दिसते वं. आमाले विळ्यावर दिसते. आतून."

नंदिनीनं ते वाक्यसुद्धा वहीत उतरवलं.

प्रयागबाईला माहीत नव्हतं असं तलावात फारसं काही नव्हतं. अडचण होती ती सांगण्याची. मासेमार सोसायटीचा अध्यक्ष बळीराम हा तिचा भासरा, नवऱ्याचा सख्खा मोठा भाऊ. भासऱ्यासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्याशी सरळ बोलायचं नाही, ही त्या घराची रीत. लग्न झाल्यापासून तिनं ती मोडली नव्हती. काही सांगायचंच झालं तर नवऱ्याला सांगायचं, तो भावाला सांगणार, भावाचं उत्तर तिला आणून देणार. नवरा नत्थूजी गरीब स्वभावाचा माणूस, वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. घरात तो फोनसारखा होता. कामाच्या पाळीवर गेला की लाइन बंद.

त्या रीतीपायीच तलावाचं वाटोळं झालं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात संस्थेनं तलाव साफ करायचं ठरवलं. काठाकाठानं माजलेली बेशरमाची झुडपं तेवढी उपटायची, एवढंच नंदिनीनं सांगितलं, आणि ती परीक्षेसाठी आठवडाभर नागपुरात अडकली. गावाला मात्र उत्साह आला. बळीरामनं पाळीवर उभं राहून हुकूम सोडला, "तलाव कसा दिसला पायजे? घासलेल्या ताटासारखा!" बेशरम निघाली. मग पाण्यातलं गवत निघालं. मग उत्तरेच्या कोपऱ्यातलं देवधान, जे कोणी न पेरता दरसाल उगवायचं, तेही निघायला लागलं.

प्रयागबाई विळा हातात घेऊन उभी होती. त्या कोपऱ्यात मरळ मासोळी पिल्लं देते हे तिला पक्कं ठाऊक होतं. गवत गेलं तर मरळ गेली. भासरा वीस हातांवर. नत्थूजी पहिल्या पाळीला कामावर गेलेला. तिनं पदर पुढं ओढला आणि खाली वाकून गवत कापलं. संध्याकाळी नत्थूजीला सांगितलं, त्यानं जेवण झाल्यावर भावाला सांगितलं. तोवर गवताचे भारे पाळीवर सुकायला पडले होते. चकचकीत तलावाचा फोटो लोकांनी एकमेकांना पाठवला. बळीरामचा सत्कार झाला.

त्या पावसाळ्यात तलावात मरळीचं एक पिल्लू दिसलं नाही.

नंदिनी हिशेब लावत बसली होती की पाण्यात काही मिसळलं की काय. प्रयागबाईनं सांगितलं तेव्हा ती बघतच राहिली. "पण काकू, तुम्ही तिथंच होता ना? काहून नाही बोललात?" शहरातल्या पोरीच्या तोंडून तो 'काहून' निघाला, एरवी प्रयागबाई हसली असती.

"भासरे होते ना वं समोर."

नंदिनीनं पुढं काही विचारलं नाही, आणि तेच प्रयागबाईला लागलं. कोणी वाईट बोललं असतं तर भांडता आलं असतं. आता भांडायचं कोणाशी?

दिवाळीनंतर तिनं नत्थूजीच्या तोंडून सोसायटीकडे मागणी घातली: उत्तरेचा कोपरा मला द्या, तिथं जाळं टाकू नका, मी मरळ परत आणते. सोसायटीतले लोक हसले. बळीराम हसला नाही. त्यानं निरोप पाठवला, "तीन पावसाळे देतो. तिसऱ्या पोळ्यापर्यंत पिल्लं दिसली नाही तर गवत उपटून तिथं रोहू-कतला माशांची बारकी बोटुकली सोडू. मंग रडायचं नाही म्हणा."

प्रयागबाईनं गावच्या बाया जोडीला घेतल्या. त्यांनी उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर शेजारगावच्या तलावातून गवताचे गड्डे आणि देवधानाचं बी आणलं. आणलं कशातून? मासे विकायच्या टोपल्यांतून. गुडघाभर चिखलात ओळीनं लावलं, भात रोवतात तसं. कोपऱ्याची हद्द दाखवायला बांबू रोवून त्यांवर जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधल्या. ही युक्ती प्रयागबाईची. गावात कोणाचं लुगडं कोणतं हे सगळ्यांना माहीत. सोसायटीची पाटी ओलांडून जाळं टाकेल असा माणूस सापडला असता, पण स्वतःच्या काकूचं लुगडं ओलांडणारा कोणी निघाला नाही. बाजारात हातोहात गेल्या असत्या अशा जिवंत मरळीच्या दोन जोड्या तिनं बादलीतून आणून तिथं सोडल्या.

पहिला पावसाळा गेला. दुसरा गेला. गवत माजलं, त्यात कमळं आली, हळदीकुंकू बदकं आली. मरळीची पिल्लं काही दिसेनात.

बळीराम पाळीवरून जाता जाता भावाला ऐकवायचा, पण आवाज असा की तलावापलीकडे जावा. "नत्था, तुह्या बायकोले सांग, गवत झ्याक पिकवलं. आता दोन म्हशी घे म्हणा!"

प्रयागबाई पदर ओढून शेजारच्या बांबूला सांगायची, "ज्याले म्हशी पायजे त्यानं म्हशी घ्याव्या गा. इथं तर मरळच येईन."

नत्थूजी दोघांच्या मधे उभा राहून बांबूकडे बघत राही.

या काळातच शाळांच्या सहली सुरू झाल्या. नंदिनी तक्ते आणायची, प्रयागबाई टोपली आणायची. सावली पाण्यावर पडू न देता कसं उभं राहायचं, वर आलेल्या बुडबुड्यावरून खाली कोण आहे ते कसं ओळखायचं, हे ती शिकवायची. मरळीची गोष्ट ती दर वेळी सांगायची: ही मासोळी मधूनमधून तोंड वर काढून हवा खाते, तिची पिल्लं लालचुटूक असतात, घोळक्यानं राहतात, आणि माय त्यांच्याखाली पहारा देते. पोरं विचारत, "आजी, दाखवा ना." ती म्हणे, "येईन." किती वेळा म्हणायचं माणसानं?

तिसरा पोळा दोन दिवसांवर आला. शनिवारची सकाळ. नागपूरहून सहावीच्या तीस मुलांची बस आलेली, आणि नेमका त्याच वेळी बळीराम चार माणसं, विळे आणि खांद्यावर फेकजाळं घेऊन आला. नंदिनी पुढं झाली. "दादा, पोळा परवा आहे."

"मालूम हाय मले. आज फक्त पानी पाहून राहिलो, किती खोल हाय ते." असं म्हणत तो लुगड्यांची हद्द वाकून, हातानं बाजूला सारून, कमरेइतक्या पाण्यात उतरला.

प्रयागबाईनं डोईवर पदर घेतला आणि पोरांकडे वळली. इतक्यात उन्नती नावाची एक पोरगी, पहिल्या रांगेतली, बोट दाखवून म्हणाली, "आजी, तिथे पाण्यात कुंकू कोणी सांडलं?"

प्रयागबाईनं पाहिलं. गवताच्या बाहेर, सुपाएवढा लाल डाग. तो हलत होता. मधेच पसरायचा, मधेच गोळा व्हायचा.

आणि त्याच्यापासून पाच हातांवर बळीराम उभा होता. त्यानंही पाहिलं होतं. लाल दिसलं की खाली माय असणार, आणि माय पिल्लं सोडून पळत नाही. याच्याइतकी सोपी शिकार दुसरी नाही. पन्नास वर्षांची सवय. त्याला कळायच्या आत जाळं खांद्यावरून सुटलं, एक कड दातांत गेली, हात मागं झाला. बळीरामचं जाळं चुकल्याचं गावात कोणी पाहिलेलं नव्हतं.

प्रयागबाई नंदिनीकडे वळली. "सांग वं त्यायले..." आणि थांबली. सांगेपर्यंत जाळं पाण्यात गेलं असतं. मागं एकदा असंच झालं होतं.

"दादा!" तिचा आवाज तलावापलीकडे गेला. "जाळं खाली घ्या! लेकुरवाळी हाय ते!"

पदर खांद्यावर आला होता. विळेवाले चौघं तोंड उघडं टाकून बघत राहिले. पोरांना काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालं एवढं कळलं.

बळीरामचा हात तसाच मागं. मग त्यानं दातांतली कड सोडली. जाळं घडी होऊन त्याच्याच खांद्यावर पडलं. लाल डाग सरकत सरकत गवतात शिरला, आणि त्याच्या मागोमाग एक काळं, रुंद डोकं क्षणभर वर आलं, हवा घेतली, खाली गेलं.

"पाहिली? पाहिली?" तीस पोरं एकदम ओरडली. प्रयागबाईनं त्या दिवशी कोणालाच चूप केलं नाही.

बळीराम निथळत पाळीवर आला. पोरांसमोर उकिडवा बसला. "पोट्टेहो, या जाळ्यानं म्या अशा लई माया धरल्या. लाल दिसलं का जाळं टाकलं. लोक वाहवा करत."

"मग पिल्लांचं काय व्हायचं?" उन्नतीनं विचारलं.

"दुसरे मासे खाऊन टाकत. दोन दिवसांत सफाचट."

"आणि आता?"

"आता मले नको विचारू. तिले विचार." तो उठला. बांबूकडे नाही, नंदिनीकडे नाही, सरळ प्रयागबाईकडे पाहून बोलला. "प्रयागबाई, त्या साली आपन गवत काढून राहिलो होतो, तवा तुले हे मालूम होतं?"

"होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी भासरे."

"अन् आज मी कोन झालो?"

प्रयागबाईनं पदर पुन्हा डोईवर घेतला. पण मागं सरकली नाही. "आज कोपरा माहा हाय, दादा."

बळीरामनं खांद्यावरचा ओला दुपट्टा पिळला, एक बांबू उपटला, दहा पावलं पुढं नेऊन रोवला आणि दुपट्टा त्याला गाठ मारून बांधला. "हद्द इथपर्यंत," तो विळेवाल्यांना म्हणाला. "चला घरी."

नंदिनीनं वही उघडली, मरळीपुढं तारीख घातली, आणि 'कोणी पाहिलं' या रकान्यात उन्नतीचं नाव लिहिलं. प्रयागबाईनंच तसं लिहायला लावलं.

दुपारी नत्थूजी पाळी संपवून घरी आला. गावाच्या फाट्यापासून दारापर्यंत पाच जणांनी त्याला पाच तऱ्हेनं हकिगत सांगितली होती, त्यामुळे तो जरा घाबरलेलाच होता. हातपाय धुतले, ताटावर बसला, आणि सवयीनं विचारलं, "दादाले काई सांगाचं हाय का?"

प्रयागबाईनं त्याच्या ताटात भाकर वाढली.

"नाई," ती म्हणाली. "म्या सांगतलं."