पलीकडच्या काठावरच्या गवळणी

"धड नको गो, मोडका दाखव."

दिवाळी सरली की महाडच्या कुंभारआळीत हवालदारांचं हे वाक्य ऐकू यायचं. पोरांचे किल्ले तोवर सजून झालेले असत, मातीच्या मावळ्यांचा भाव उतरलेला असे. मग हवालदार कापडे गावाहून येत, अंगात जुना खाकी कोट, आणि टोपलीत हात घालून हात तुटलेला, पाय गेलेला मावळा शोधून काढत. तेव्हा तुम्ही त्या आळीत असता तर तुम्हीही हसला असता.

कुंभारीण एकदा म्हणाली, "हवालदार, घरात पोर नाय, बाळ नाय. किल्ला कोणासाठी ओ?"

"पोरं हायत माझी. सव्वीस हायत."

ती हसली. मला हसता आलं नाही. त्या सव्विसांतला एक मी होतो.

आम्ही एकाच पलटणीत, इटलीत होतो. लढाई संपल्यावर मी महाडात शिवणाचं दुकान टाकलं, ते गावी भातशेतीला लागले. खरेदीला मला बरोबर नेत, कारण घासाघीस मला जमायची. "रंगवलेला घेऊ नका, कोरा घ्या. गेरू घरात आहेच," मी सांगायचो. ते मान डोलवायचे. "लढाईत धड कोण ऱ्हातो? मोडकाच खरा. वर स्वस्त."

त्यांच्या पडवीत एक जुनं दार दोन बाकांवर आडवं टाकलेलं होतं. त्यावर वाळू, मधून निळीनं काढलेली इटलीतली ती नदी. जो जिथं पडला तिथं त्याचा मावळा आडवा. अकरा आडवे. एकच मावळा अगदी धड होता, पुरी किंमत मोजून घेतलेला. तो पाण्याला लागून उभा होता.

"हा तू," ते म्हणाले. "इथवर गेलेलास ना रे?"

"हो."

त्या सकाळी पलीकडचा काठ पाहून यायला मला धाडलं होतं. मी काठापर्यंत गेलोच नाही. वाटेत एका खळग्यात बसून राहिलो, भीती थोडी ओसरल्यावर परत फिरलो आणि सांगितलं, पलीकडे कोणी नाही. हवालदारांनी पोरं पाण्यात घातली. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

"माझी चूक कुठं झाली ती बघायची हाय," ते दरवर्षी म्हणत. मेलेल्यांतले बरेचसे याच खोऱ्यातले. त्यांच्या घरी हवालदारांना कोणी पाणीसुद्धा विचारत नसे.

दारावर शत्रू मात्र नव्हता. त्यासाठी आणखी डझनभर बाहुल्या लागणार होत्या, आणि मी दर दिवाळीला म्हणायचो, "यंदा महाग आहेत. पुढच्या साली बघू." आठ वर्षं मी हेच सांगत आलो. त्यांना वाटायचं, मी त्यांचा पैसा वाचवतोय. शत्रू एकदा जागेवर उभा राहिला, की पाण्याच्या कडेवरून तो दिसल्यावाचून राहिला नसता, हे मला ठाऊक होतं.

नवव्या वर्षी गवळणी खपल्या नाहीत. कुंभारणीनं टोपलीच पुढे केली. "न्या अशाच. पैसे नकोत."

"गवळणी कशाला? लोक हसतील," मी म्हणालो.

हवालदारांनी एक उचलली, तिच्या डोक्यावरचा घडा न्याहाळला. "जर्मनाचा टोप असाच होता की रे." ते खुशीत होते. "फुकटचं सोडू नये, हे तूच शिकवलंस."

दुपारी त्यांनी गवळणी पलीकडच्या काठावर मांडल्या, गोळी कुठून आली ते आठवून एकेक. मग वाकले, गाल वाळूला टेकवला आणि माझ्या मावळ्याच्या मागून पलीकडे पाहिलं. बराच वेळ. उठले तेव्हा गालाला वाळू चिकटली होती. त्यांनी मला दोन बोटांनी उचललं आणि मागे खळग्यात ठेवलं. त्या वाटेवर लपायला तेवढी एकच जागा होती.

"धुकं होतं का रे त्या दिवशी?" त्यांनी हळूच विचारलं.

नव्हतं. ते त्यांनाही आठवत असणार.

"होतं," मी म्हणालो.

"मग कसं दिसणार." त्यांनी आत बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

त्यानंतर ते कुंभारआळीत आले नाहीत. तीन वर्षांनी वारले. तेराव्याला मी कापड्याला गेलो. पंगतीत माझ्या शेजारी नाते गावचा एक म्हातारा होता. त्याचा मुलगा त्या अकरांतला.

"मेल्याचं जेवण चुकवू नये म्हणून आलो," म्हातारा म्हणाला. "गेल्या साली दारात आलेला हा. म्हणे, चूक कुठं झाली ती कळली मला. माझीच होती, दुसऱ्या कुणाला बोल लावू नका. कोण लावत होतं दुसऱ्याला?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमीबी तिथं होता ना? सांगा, माझं पोर त्यानंच घातलं ना पाण्यात?"

वाढपी आमच्यापुढे वाकून भात वाढत होता. तो पुढे सरकेपर्यंत म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"त्यांनीच," मी म्हणालो, आणि भात कालवायला घेतला.