सर्जेरावांचं दुपारचं शटडाऊन

सर्जेराव दांडगे घरात "चहा टाक" म्हणाले की पलीकडच्या गल्लीतही दोन घरी चहा चढतो, असं करमाडात लोक म्हणत. माणूस रागीट नव्हता. चौतीस वर्षं औष्णिक वीज केंद्रात टर्बाइनच्या हॉलमध्ये काढलेली. तिथं शेजारच्याला किती वाजले विचारायचं तरी कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण घसा अजून ड्युटीवरच होता.

भरती झाले ते कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करणाऱ्या टोळीत आणि बाहेर पडले टर्बाइन ऑपरेटर म्हणून. या मधल्या काळात ते मशीन आवाजावरून ओळखायला शिकले. लांब पेचकसाचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आतलं दुखणं ऐकू येतं. करमाडला टर्बाइन नव्हतं, म्हणून ते फ्रिज, पाण्याची मोटार आणि मिक्सर तपासत. एकदा पत्नी आवडाबाईंना खोकला झाला आणि चार दिवस हटेना. सर्जेरावांनी त्यांच्याकडं बघून पेचकसाकडं नुसता हात नेला, तेवढ्यावर आवडाबाईंचा खोकला गेला.

त्यांचा मुलगा सुयश शेंद्र्याला कारखान्यात होता आणि सून तनुजा गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दोघांनी मिळून छतावर सोलर बसवायचं ठरवलं, तेव्हा सर्जेरावांना आपल्या चौतीस वर्षांवर कुणीतरी शंका घेतल्यासारखं वाटलं. जेवताना त्यांनी सगळ्यांना ऐकवलं की वीज अशी आभाळातून ताटात पडत नसते. कोळसा दळून जाळावा लागतो, पाणी उकळावं लागतं, वाफ टर्बाइनच्या पात्यांवर सोडावी लागते. त्याच दांड्यावर पुढं जनरेटर असतो. तांब्याच्या वेटोळ्यात चुंबक मिनिटाला तीन हजार फेरे घेतं, तेव्हा कुठं या घरात पंखा हलतो.

तनुजा म्हणाली, "मामा, कोळसाच कशाला, जायकवाडीला धरणाचं पाणी फिरवतं, पवनचक्कीला वारा फिरवतो."

"फिरतं ना? मंग झालं," सर्जेराव म्हणाले. "काय बी जाळा, काय बी सोडा, चाक फिरलं पायजे."

मार्चात सोलर बसवायला शहागंजची अनिसा आली. डिप्लोमा झालेली, चोविशीची, ओढणीवरून हेल्मेट घालून शिडीवर सरसर चढणारी. सगळी गल्ली सर्जेरावांना नाना म्हणायची, म्हणून तीही नाना म्हणू लागली. तिच्या घरी नाना म्हणजे आईचे वडील, त्यामुळं तिला ते सोपंच गेलं. सहा पॅनेल जोडून होईपर्यंत सर्जेराव तिच्या मागं मागं होते. शेवटी त्यांनी पहिल्या पॅनेलच्या चौकटीला पेचकस लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"यात फिरतं काय?"

"काहीच नाही, नाना."

"कायच नाय?"

"नाही. झिजायला काही नाही, म्हणून तर पंचवीस वर्षं चालतं."

मग तिनं त्यांना नीट समजावलं. वाळूपासून काढलेल्या सिलिकॉनच्या या चकत्या. ऊन पडलं की आतले इलेक्ट्रॉन जागचे सुटतात, आणि चकतीची घडणच अशी की त्यांना एकाच बाजूला पळता येतं. ते पळाले की झाला विजेचा प्रवाह. हा प्रवाह एकेरी असतो, घरातली वीज सेकंदाला पन्नासदा उलटसुलट होणारी असते. तो बदल जिन्याखालचा इन्व्हर्टर करतो. सर्जेरावांनी जिन्याखाली जाऊन इन्व्हर्टरला पेचकस लावला. आत गुणगुण होती. त्यांना जरा बरं वाटलं. निदान घरात एक तरी जण काम करताना बोलत होता.

एप्रिलात पारा बेचाळिसावर गेला. एका दुपारी सर्जेराव छतावर गेले, पॅनेलला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. त्यांचा जीव कळवळला. केंद्रात एवढं मोठं युनिट, त्यालाही ठरल्या वेळी विसावा मिळायचा. शटडाऊन घेऊन, सगळं उघडून, पुसून, तेल घालून परत चालू करायचे. टर्बाइन तक्रार तरी करायचं; बेअरिंग तापलं की कुरकुरायचं. हे मुकं. दमलं तरी सांगणार कुणाला? त्या दिवसापासून रोज बाराला ते दोन जुन्या गोधड्या आणि एक ताडपत्री घेऊन वर जाऊ लागले. पॅनेलांवर पांघरूण घालायचे आणि तीनला काढायचे.

गोधड्या रोज वर जातात हे आवडाबाईंनी पाहिलं. त्यांना वाटलं, उन्हं दाखवायला नेतात. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं आपणहून घरकाम अंगावर घेतलं, म्हणून त्यांनी शेजारणींना कौतुकानं सांगितलं.

गोची झाली ती तनुजाच्या मोबाइलमध्ये. किती वीज तयार झाली याचा रोजचा आलेख तिला तिथं दिसायचा. सकाळी चढण, बाराला एकदम खड्डा, तीननंतर पुन्हा थोडी चढण. ऐन दुपारी, जेव्हा सगळ्यात जास्त वीज यायची, तेव्हाच काही नाही. तिनं अनिसाला फोन केला. अनिसा सकाळी दहाला आली, जोडण्या तपासल्या, सगळं व्यवस्थित निघालं. ती गेली आणि बाराला खड्डा पडला. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा दहाला आली, दोन वायरी बदलल्या, टाकीची सावली कुठवर जाते ते मोजलं, कबुतरांवरही संशय घेतला. सर्जेराव तिला शिडी धरून उभे होते. आपण पॅनेलांना देतो ती विश्रांती हा मुद्दाम सांगण्याचा विषय आहे, हे त्यांच्या मनातही आलं नाही. तिकडं अनिसाचा साहेब म्हणू लागला की जोडणीतच काहीतरी चूक केलीस.

तिसऱ्यांदा ती कुणाला न कळवता दुपारी एकला आली आणि थेट छतावर गेली. डोक्याला ओला पंचा गुंडाळून सर्जेराव टाकीच्या सावलीत बसले होते. समोर सहाही पॅनेल अंगभर पांघरूण घेऊन पडलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवलेल्या.

"नाना, हे काय?"

"शटडाऊन," सर्जेराव म्हणाले. "तीनला परत लोडवर घेतो."

अनिसा तिथंच विटेवर बसली. हसावं की रडावं हे तिला ठरवता येईना. तिनं सांगितलं की पॅनेल दमत नाहीत, त्यांना ऊन बाधतच नाही, ऊन हेच त्यांचं खाणं. एवढं मात्र नानांचं बरोबर, की फार तापली तर वीज थोडी कमी देतात. म्हणून तर खालून वारा खेळायला जागा सोडलीय. अर्धं तरी आपलं बरोबर निघालं म्हणून सर्जेराव खूश झाले. मग साहेब आपल्याला काय बोलतो तेही तिनं सांगितलं. दुसऱ्याच्या चुकीसाठी बोलणी खाणं काय असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी तिच्याकडून साहेबाचा नंबर लावून घेतला आणि पोरीचं काम चोख आहे, दोष माझ्या गोधड्यांचा आहे, असं सांगितलं. साहेबाला ते कळलंच, पण करमाडच्या अर्ध्या बाजारालाही कळलं.

संध्याकाळी तनुजाला हसू आवरेना. सर्जेरावांना ते लागलं. दोन दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. शेजारच्या लोकांनी घरी येऊन तब्येतीची चौकशी केली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी लाईट गेली. डीपीवर काहीतरी जळलं होतं. ऊन रणरणत होतं, पॅनेल उघडी होती, आणि तरी घरातले पंखे बंद. सर्जेराव जिन्याखाली गेले. इन्व्हर्टर मुका. त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी तेज आलं. त्यांनी अनिसाला फोन लावला.

"तुमचा सूर्य ट्रिप झाला," ते म्हणाले. "ऊन हाय, वीज नाय. आमच्या कोळशाला नावं ठेवता?"

अनिसा म्हणाली, "नाना, बिघाड नाही. तो मुद्दाम बंद होतो."

तिनं सांगितलं ते असं. एरवी घरात वापरून उरलेली वीज बाहेरच्या लाईनवर जाते. लाईन मेली, की खांबावर काम करणारा माणूस ती मेलेलीच समजून हात घालणार. अशा वेळी एखाद्या घरातून वीज उलटी गेली तर तो जिवानिशी जाईल. म्हणून लाईन गेल्याचं कळताक्षणी इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, आणि ती नीट परत येईपर्यंत जोडत नाही.

सर्जेराव फोन कानाला तसाच धरून दारात आले. समोरच्या खांबावर वायरमन कृष्णा चढलेला होता, कमरेचा पट्टा अडकवून, दोन्ही हात तारेत. केंद्रात असताना सर्जेरावांचा जोडीदार काकासाहेब असाच वीज बंद केलेल्या एका स्विचच्या कपाटात हात घालून बसला होता. आत माणूस आहे, वीज सोडू नये, असं परमिट कागदावर होतं, पण तिकडं कुणीतरी ते न बघता स्विच ओढून वीज सोडली. काकासाहेब वाचला, उजव्या हाताची दोन बोटं गेली. पुढं तो हसत सांगायचा की आता मला आठपर्यंतच मोजता येतं. सर्जेरावांना त्या विनोदावर एकदाही हसता आलं नव्हतं.

"म्हंजी ते परमिट बघतं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू, की अनिसाला दोनदा विचारावं लागलं.

"हो नाना. तसंच."

कृष्णा खाली उतरेपर्यंत ते खांबाखाली उन्हात उभे राहिले. मग त्याला घरात बोलावून ताक दिलं.

तनुजानं आठवीच्या वर्गाला ऊर्जेचे स्रोत समजावायला त्यांना शाळेत बोलावलं, त्यात हसण्याची भरपाई होतीच. सर्जेरावांनी अट घातली, अनिसापण आली पाहिजे. अनिसा कामावरून हेल्मेटसकटच, हाताएवढं पॅनेल आणि चिमुकला पंखा घेऊन आली. सर्जेरावांनी घरचा कुकर, शेगडी आणि पत्र्याची भिंगरी नेली. आवडाबाईंनी एकाच बोलीवर कुकर दिला होता: त्यात डाळ आहे, साडेअकराला शिजून परत आली पाहिजे.

अनिसानं पॅनेल खिडकीत धरलं, पंखा फिरला. तिनं वहीची सावली केली, पंखा थांबला. सर्जेरावांनी पोरांना पाच हात लांब बसवलं आणि शेगडी पेटवली. एका मुलीनं विचारलं, "मग आजोबा, चांगलं कोणतं?"

वर्ग त्यांच्याकडं बघत राहिला. तनुजाही बघत होती.

"आमचं एक युनिट दिवसाला एक मालगाडी कोळसा खायचं," सर्जेराव म्हणाले. "तो कोळसा व्हायला कोट्यवधी वर्षं लागली. आमी संध्याकाळपस्तोर राख करायचो. परत तेवढा व्हायचा नाय. ऊन उद्या परत येतंय." मग म्हणाले, "पण पोरांनो, रात्री तुमी अभ्यासाला दिवा लावता, तो अजून लई घरी कोळशाचाच हाय. त्याला शिव्या देऊ नका. त्याला रिटायर व्हायला मदत करा."

अनिसानं मान डोलावली आणि तेवढ्यात कुकरला वाफ धरली. सर्जेरावांनी शिट्टी काढून ठेवलेलीच होती. पांढऱ्या वाफेचा झोत भिंगरीवर बसला, भिंगरी गरगरली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण पाणी जरा जास्त झालं होतं. वाफेमागोमाग पिवळा फेस उसळला आणि फिरत्या भिंगरीनं तो फळ्यावर, तनुजानं भिंतीला लावलेल्या विजेच्या आलेखावर आणि अनिसाच्या हेल्मेटवर सारखा वाटून दिला.

सर्जेरावांनी शांतपणे गॅस बंद केला. "युनिट ट्रिप," त्यांनी जाहीर केलं. हेडमास्तर आपल्या खोलीतून धावत आले.

घरी आवडाबाईंनी कुकर उघडला, उरलेली डाळ बघितली आणि संध्याकाळी पिठलं केलं.