सोबतीचा कोळसा

उमरोळीच्या चारुताला कुणी विचारलं की धंद्यात सगळ्यात अवघड काय, तर ती कोलंबी सोलणं म्हणणार नाही की मसाला कुटणं म्हणणार नाही. ती म्हणेल, गिऱ्हाइकाला उत्तर लिहिणं. समोर बसलेलं गिऱ्हाईक रागावलं तर त्याला बसा म्हणता येतं, पाणी देता येतं. मोबाइलमधलं गिऱ्हाईक रागावलं की फक्त अक्षरं येतात, आणि तीही आपल्या हातात पीठ असताना.

चारुता कोलंबीचं लोणचं एका ॲपवर ऑनलाइन विकायची. लोणचं माईंच्या हातचं. माई म्हणजे तिच्या सासूबाई. फोडणी, मसाला, वरचा तेलाचा थर हे माईंचं राज्य. फोटो, पत्ते, पॅकिंग आणि भांडणं हे चारुताचं. दुकानाचं नाव तिनं ठेवलं होतं 'माईची बरणी'.

हे दुकान हौसेनं निघालेलं नव्हतं. चारुताचा नवरा विश्राम बोईसरला एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात ऑपरेटर होता. दुसऱ्या पाळीला गेला आणि आत स्फोट झाला. घरी आणला तेव्हा आणणारे तोंडावरचं कापड काढू नका म्हणाले. तेराव्यानंतर माईंनी सुनेला देवासमोर बसवलं आणि तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

"उपाशी राहू. पण तू त्या कंपन्यांच्या वाटेला जायचं नाय. माजी शपथ हाय तुला."

चारुतानं शपथ घेतली. पण शेजारच्या घरांतल्या निम्म्या बायका त्याच कंपन्यांत पॅकिंगला जात होत्या, आणि बारावी झालेल्या बाईला आसपास दुसरं काम मिळत नव्हतं. लोणच्याचं दुकान चाललं तरच ती शपथ पाळता येणार होती. हे दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून दोघी त्यावर कधी बोलत नसत.

माईंची एक पद्धत होती. घरातून शिजवलेलं मच्छी-मटण कोळशाच्या तुकड्याशिवाय बाहेर जाता कामा नये. चार घरं सोडून कुणाला वाटीभर कालवण द्यायचं झालं तरी वर कोळसा असायचाच. वाटेत चिंचेखाली, तिठ्यावर, वासाला टपलेलं जे काही असतं त्याची नजर कोळशावर पडते आणि अन्न वाचतं, खाणाराही वाचतो. पहिलं पार्सल निघालं तेव्हा माईंनी कोळशाची पुडी आणून खोक्यात ठेवली.

"माई, हे विमानानं जाणार. आभाळात कुठला तिठा?"

"मग तर किती गावांवरून जाईल ते!" माई म्हणाल्या.

चारुता हसली आणि पुडी राहू दिली. पुढं एका गिऱ्हाइकानं लिहिलं, 'लोणच्यासोबत कोळसा कशाला? शेगडी पेटवायची आहे का?' आणि रेटिंगचे दोन तारे कापले. त्या दिवसापासून चारुतानं पुड्या बंद केल्या. माईंना सांगितलं तेव्हा त्या फक्त "बरं" म्हणाल्या. माई एवढ्या पटकन बरं म्हणणाऱ्या नव्हेत, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

धंदा वाढला तशी भांडणं वाढली. सुरतेच्या एकानं अख्खी बरणी खाऊन तळाचा फोटो पाठवला: चव बरोबर नाही, पैसे परत करा. "चाटूनपुसून झाल्यावर कळलं याला," चारुता पुटपुटली. एका बाईनं परत पाठवलेल्या बरणीत बाजारचं कैरीचं लोणचं निघालं. ॲपवाल्यांकडे तक्रार गेली की ते आधी गिऱ्हाइकाचं ऐकत. पैसे जात, मालही जाई आणि वर रेटिंग उतरे.

मग चारुता शिकली. तांदळाच्या डब्यावर मोबाइल उभा करून ती प्रत्येक बरणीचं पॅकिंग चित्रित करू लागली. माईंनी भरून ठेवलेली बरणी घ्यायची, वजन दाखवायचं, झाकण घट्ट करायचं, सील लावायचं, सीलवर मार्करनं ऑर्डरचा नंबर घालायचा. उत्तराचीही तिनं एक रीत ठरवली. रागाचा मजकूर आला की लगेच बोट लावायचं नाही. उत्तर लिहायचं, ठेवून द्यायचं, तांदूळ धुवायचे, मग पुन्हा वाचायचं. अर्धे शब्द खोडले जात आणि उरलेले कामाला येत. पार्सलं न्यायला बोईसरहून मोटरसायकलवर येणारा रामकिसन तिची चेष्टा करायचा.

"भाभी, आज लडाई किस से है?"

"आज शांतता आहे."

"अरे बाप रे. फिर तो तबियत ठीक नहीं आपकी."

गणपतीच्या आधी पुण्याहून ज्ञानेश नावाच्या गिऱ्हाइकाची तक्रार आली. लोणच्यात काळा दगड निघाला. सोबत फोटो होता. ताटाच्या कडेला तेलात माखलेलं काहीतरी काळं, बोराच्या बीएवढं. परतावा हवा, आणि असल्या लोकांचं दुकान बंद करा, असं त्यानं ॲपवाल्यांना लिहिलं होतं.

कोलंबीच्या लोणच्यात दगड येईल कुठून? चारुतानं स्वतः प्रत्येक कोलंबी धुतलेली. फोटो धूसर होता. तिला सुरतवाला आठवला, कैरीचं लोणचं आठवलं. त्या दिवशी तिनं तांदूळ धुतले नाहीत. सीलचा व्हिडिओ जोडला आणि सगळ्यांना दिसेल असं त्याच्या तक्रारीखाली लिहिलं: 'सील आमच्याकडे शाबूत होतं. दगड तुमच्या घरचा आहे. फुकट खायची सवय असेल तर मागून खावं, खोटं बोलू नये.'

ॲपवाल्यांनी व्हिडिओ पाहिला आणि निकाल चारुताच्या बाजूनं दिला. ज्ञानेशनं आपला फोन नंबर पाठवला, खाली एकच ओळ: 'एकदा बोला माझ्याशी.' तिनं फोन केला नाही. रामकिसनला मात्र ती हकिकत दोनदा सांगितली. माई ओटीवर लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

गणपती झाल्यावर नागपूरच्या एका बाईंचा निरोप आला. तक्रार नव्हती, परतावाही मागितला नव्हता. 'ताई, लोणचं फार छान. फक्त बरणीत कोळशाचा एक तुकडा निघाला. चुकून पडला असेल, तेवढं बघा.'

कोळसा हा शब्द वाचला आणि चारुता मोबाइल तसाच ठेवून मागच्या दाराला गेली.

पाणी तापवायच्या चुलीपाशी माई बसल्या होत्या. पुढ्यात करवंटीचे कोळसे. एकेक तुकडा उचलून त्या गरम पाण्यात धूत होत्या, पांढऱ्या फडक्यावर वाळत घालत होत्या. ज्याला टोक होतं तो बाजूला टाकत होत्या. हातात घेतलेला तुकडा त्यांनी लपवला नाही.

"माई, हे बरणीत घालता?"

"तेलाच्या खाली दाबते. धुऊन घालते बाय, आत घाण नाय जात."

"अहो, कुणी गिळला असता म्हणजे?"

"खोक्यात ठेवला तर तू काढतेस. बरणीत असला म्हंजे जेवणारा पानावर बसेपर्यंत सोबत राहतो." माईंनी तुकडा फडक्यावर ठेवला. "विश्रामच्या डब्यात त्या दिवशी कोलंबीच होती. मी घाईत होते. चूल लिंपलेली, कोळसा हाताशी नव्हता. म्हटलं, एक दिवस काय होतंय."

चारुताला व्हिडिओ आठवला. वजन, झाकण, सील, नंबर. बरणी तिच्या हातात यायची ती भरूनच.

तिनं पुण्याचा नंबर शोधून काढला आणि विहिरीकडे जाऊन फोन लावला.

"मी चारुता बोलते. माईची बरणी. तुमच्या लोणच्यात निघाला तो दगड नव्हता, कोळसा होता. आमच्याच घरून गेला. मला माहीत नव्हतं. तुमचे पैसे आत्ता पाठवते."

मग तो म्हणाला, "पैशांचं राहू द्या हो. तो कोळसा आईच्या दाताखाली आला. कवळी तुटली तिची. मी रागानं तक्रार केली, तर तुम्ही लिहिलंत फुकट खायची सवय म्हणून. आमच्या नात्यातल्या मुलींनी ते वाचलं, आईला वाचून दाखवलं. मग आई मला विचारते, तू पैशासाठी असं करतोस का रे? नोकरी गेलीय माझी सध्या. तिला खरंच वाटलं."

"मी आईंशी बोलू का?"

"बोलून काय? नात्यातले सगळे म्हणतील, यानंच कुणाला तरी बोलायला लावलं. जिथं लिहिलंत तिथंच लिहा."

तिथंच लिहायचं म्हणजे काय, हे चारुताला कुणी समजवायला नको होतं. खाण्यात बाहेरची वस्तू गेल्याचं दुकानदारानंच कबूल केलं तर दुकान कायमचं बंद, हा नियम ॲपवर दुकान उघडताना तिनं वाचून मान्य केलेला. गप्प बसली तर कुणाला काही कळणार नव्हतं. नागपूरच्या बाईंनी तर तक्रारही केली नव्हती. माईंकडून कोळसे काढून घेतले की पुढच्या बरण्या स्वच्छ जाणार होत्या, आणि देवासमोरची शपथही तशीच राहणार होती.

घरात येऊन तिनं मजकूर लिहिला. तांदूळ धुतले. परत वाचला. पहिल्यांदाच खोडण्यासारखा एकही शब्द सापडला नाही. 'ज्ञानेश खरं बोलत होते. कोळसा आमच्या घरून गेला. मी त्यांना खोटं ठरवलं, ती माझी चूक.' माईंचं नाव तिनं कुठं घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी रामकिसन आला तेव्हा त्याच्या यादीत चारुताची एकही ऑर्डर नव्हती. त्यानं मोबाइल तिच्यासमोर धरला. "भाभी, आपका दुकान दिखता ही नहीं."

"बंद झालं."

त्यानं मोबाइल खिशात घातला. मोटरसायकल ढकलत फाटकाबाहेर नेली आणि रस्त्यावर जाऊन चालू केली.

ज्ञानेशचा फोन आला नाही की निरोप आला नाही. पाठवलेले पैसे मात्र परत आले.

माईंना चारुतानं सांगितलं, ॲपवाले आता मच्छीचा माल घेत नाहीत. माई "बरं" म्हणाल्या. भरून ठेवलेल्या बरण्या फळीवर होत्या. मागच्या दारी जाऊन माईंनी एकेक बरणी उघडली, चमच्यानं तेल बाजूला केलं, तुकडे काढले आणि बरण्या शेजारीपाजारी वाटून टाकल्या. चारुता आतून बघत होती.

काही दिवस दोघींनी केळव्याच्या बाजारात बसून पाहिलं. शनिवार-रविवारचे पाहुणे वास घेत, फोटो काढत आणि पुढं जात. दिवाळीच्या तोंडावर शेजारची दीपाली येऊन सांगून गेली की तिच्या कंपनीत पॅकिंगला बायका घेतायत, औषधांच्या बाटल्या, बसून काम. माई तिथंच होत्या. दीपाली गेल्यावर चारुता बराच वेळ भांडी घासत राहिली.

"कुठली कंपनी म्हणाली ती?" माईंनी विचारलं.

"विश्रामच्या कंपनीच्या मागच्या गल्लीतली."

माई उठल्या आणि देवापुढची निरांजनं घासायला घेतली. त्यांनी शपथेचं नाव काढलं नाही. मोडली असं म्हणाल्या नाहीत, सोडवली असंही म्हणाल्या नाहीत.

सोमवारी सकाळी चारुता वेणी घालत होती. दीपाली रिक्षा थांबवून रस्त्यावरून हाका मारत होती. स्वयंपाकघरात माईंनी डबा भरला. भात, कोलंबीचं कालवण. डबा उघडाच ठेवून त्या दारात आल्या. उजव्या हाताची मूठ मिटलेली होती.

"चारू," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. "कोळसा घालू का गं?"

"घाला," चारुता म्हणाली. "वरच घाला. मला दिसेल असा."

माई आत गेल्या. झाकण लागायला बराच वेळ लागला. बाहेरून दीपालीनं पुन्हा हाक मारली.