रोह्याच्या नानांची चाल

पेणजवळ रामवाडीला हायवेवर एअरपोर्टची गाडी उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि माझे बाबा, कासूच्या भजनी मंडळाचे पेटीवाले, खिडकीत वाकून चार शब्द सांगायचे सोडून आपली लाडकी चाल गुणगुणत होते. आधी कानाला हात, मग रोह्याच्या नानांचं नाव, मग चाल. नाना म्हणजे बाबांचे गुरू, साधे भातशेती करणारे. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी बाबांनी त्यांचं नाव घेतल्याशिवाय ती चाल कधी धरली नाही. आमच्याकडे रिवाजच तसा. दुसऱ्याची चाल नाव न घेता वाजवली की मंडळात चोर म्हणतात.

"ही चाल ने गो बरोबर," बाबा म्हणाले, "तिकडं कोन हाय आपला?"

पेणला राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखी बॅग उचललेल्यांनो, त्या वाक्यावर मी फ्रान्समध्ये चार हिवाळे काढले. दिवसा कंपनी, संध्याकाळी पियानोचा क्लास. आमच्या मादाम एका जुन्या फ्रेंच संगीतकाराच्या रचना शिकवायच्या. पॅरिसच्या प्रदर्शनात त्यानं जावाच्या वादकांची काशाची वाद्यं ऐकली आणि ते सूर त्याच्या पियानोत उतरले. शिवाय स्पेनची गिटार, अमेरिकेतली नाचाची गाणी, सगळ्यांचा प्रभाव! हे सांगताना मादाम डोळे मिटायच्या. त्या जावाच्या वादकांची नावं काय, असं मी एकदा विचारलं. त्या हसल्या. मीही हसले, शहाणी!

मग एकदा त्यांनी विचारलं, तुझ्याकडचं काही आहे का? मी बाबांची चाल वाजवली. त्यांनी ती तीनदा वाजवायला लावली, स्वतः कॉफी करून दिली. परदेशात आई मिळाली असं वाटून मी हुरळून गेले.

पुढे त्यांची मैफल झाली. नवी रचना सुरू झाली, तर ती बाबांचीच चाल! कार्यक्रमपत्रिकेत फक्त मादामचं नाव, खाली बारीक अक्षरात 'पूर्वेचा प्रभाव'. मी जाब विचारला, तर त्यांनी त्याच संगीतकाराचा दाखला दिला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी क्लास सोडला.

रडत रडत बाबांना फोन केला. वाटलं, मादामला चार शिव्या हासडतील.

"तू तिथं वाजवलीस तवा," त्यांनी विचारलं, "नानांचं नाव घेतलंस?"

नव्हतं घेतलं. नानांचं नाही, बाबांचंही नाही. माझीच म्हणून वाजवली होती.

"मग ती बाय तरी कोनाचं नाव घेनार गो?"

मादामवरचा राग अजून आहे, तो जायचा नाही. बाबा फोनवर जेवलीस का विचारतात, भाताची लावणी झाली सांगतात, पण गुणगुणत नाहीत. पुढच्या महिन्यात मी येते आहे. घर म्हणजे आता मला कासूची ती ओटी दिसते. तिथं पेटीपुढे बसून मी कान धरीन, नानांचं नाव घेईन, आणि बाबा भाता हलवतात की उठून आत जातात, याची वाट बघीन.