मादम्माचा पडदा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते विचारू नका. आणि मी रडायला बसलोय, असंही समजू नका.

म्हैसुरात मला शिंप्यांचा डॉक्टर म्हणतात. शिंप्याचा मोतीबिंदू काढल्यावर मी त्याच्या डोळ्यात असं भिंग बसवतो, की लांबचं बघायला चष्मा लागला तरी चालेल, पण सुईत दोरा बिनचष्म्याने गेला पाहिजे. माणसाचा धंदा बघून भिंग निवडणारा डॉक्टर — अशी ख्याती. आज ते मी खरंच करतो, आणि उत्तम करतो. पण पहिल्यांदा ते मी केलं नव्हतं. ते झालं होतं.

माझे वडील मंडी मोहल्ल्यात शिलाई मशीन चालवायचे. मी पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं, शिक्षण घेऊन परत आलो तेव्हा इथल्या एका बड्या डॉक्टरांनी चारचौघांत विचारलं, "काय हो, टाके घालायला घरीच शिकलात वाटतं?" सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मी विसरलेलो नाही — का विसरावं?

त्या सकाळी दोन ऑपरेशनं होती, दोन्ही उजव्या डोळ्याची. एक वडिलांचे मित्र पुंडलीकराव, कोट शिवणारे. दुसरी सरगूरकडची मादम्मा. तिचा डावा डोळा लहानपणीच काट्याने गेलेला. उरला होता तो हा उजवाच. दोघांच्या भिंगांत अडीच नंबरांचा फरक. यादीत पहिले पुंडलीकराव होते, पण त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं म्हणून सिस्टरने मादम्माला आधी टेबलावर घेतलं. मी तेव्हा दारात भिंगवाल्याशी दरावरून भांडत होतो. तापलेलाच आत आलो. टेबलावरचा चेहरा कापडाखाली झाकलेला. सिस्टर काही सांगू लागली — "तोंड बंद! मला शिकवू नकोस." तिने तोंड बंद केलं. ते तिने आजवर उघडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या सोडल्या. पुंडलीकरावांना भिंतीवरचा तक्ता धड वाचता येईना. मी कागद काढून पाहिले. भिंगं उलटसुलट गेली होती. तेवढ्यात म्हाताऱ्याने कॉलरला टोचलेली सुई काढली, दोरा ओवला आणि ओरडला, "नोडो, बघ, पहिल्याच झटक्यात! अरे पोरा, बापासारखं माप घेतलंस की!"

मी काय म्हणालो? "काका, मुद्दामच तसं बसवलं."

आठवड्याभरात अख्ख्या शिंपी समाजात ते पसरलं. लोक रांगा लावू लागले.

आणि मादम्मा? तिला लांबचं धूसर, जवळचं त्याहून धूसर. उपाय काय होता? एक जाड काचेचा चष्मा. बस्स. पण तो नंबर लिहून दिला असता, तर कोणत्याही डोळ्यांच्या डॉक्टरने विचारलं असतं — आत भिंग असताना एवढा नंबर कसा? त्या बड्या डॉक्टरांची शिबिरं सरगूरलाच भरायची. शिंप्याने माप चुकवलं, एवढं त्यांनी म्हटलं असतं की माझं संपलं. मी दोघांच्या कागदांवरची भिंगांची लेबलं सोलली आणि अदलाबदल करून चिकटवली — म्हणजे कागदावर तरी मादम्माच्या डोळ्यात तिचंच भिंग. मग मादम्माला म्हणालो, तुझा पडदा कमजोर आहे, इलाज नाही.

पडद्याचा डॉक्टर मीच. मी म्हटल्यावर कोण तपासणार? तिचा पडदा स्वच्छ होता — इतका निरोगी पडदा त्या वयात मी क्वचितच पाहिलाय.

ती दर वर्षी बसने यायची. आमच्याकडे गावची माणसं मान द्यायला 'बुद्धी' म्हणतात. "बुद्धी, पडदा काही सुधारला?" मी टॉर्च मारून बघायचो — हो, बघायचोही! — आणि नाही म्हणायचो. खडे राहतात म्हणून सुनेने तिच्या हातून तांदूळ निवडायचं सूप काढून घेतलं होतं. ज्या घरात तिचा शब्द चालायचा, तिथे ती भिंतीला टेकून बसून असायची. हे तिनेच सांगितलं. तक्रार म्हणून नाही. सात वर्षं.

मग मला दया आली? नाही. सातव्या वर्षी ते बडे डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले. त्यानंतर मादम्मा आली, तेव्हा मी चष्मा करून ठेवला होता. म्हणालो, पडद्यासाठी नवीन काच निघालीय.

तिने चष्मा घातला. आधी स्वतःच्या तळहातावरच्या रेषा बघितल्या, बराच वेळ. मग माझ्याकडे पाहून खुदकन हसली. "अय्यो बुद्धी, तुम्ही तर तरुण आहात की! ओरडता तेव्हा मला म्हातारे वाटायचात."

आणि ती वाकली. सिस्टर दारात उभी होती, बघत होती. पाय मागे घ्यायला मला भरपूर वेळ होता. मी घेतले नाहीत.